वाऱ्यावर जाणारं खत

आमच्या भागात खताच्या वासावरून भांडणं होतात, पण त्या वासाबद्दल कुणी नीट बोलत नाही. एकानं कोंबडखताची ट्रॉली बांधाला ओतायची, दुसऱ्यानं दारं-खिडक्या लावून घ्यायच्या आणि तिसऱ्यानं, "शेतकऱ्याच्या घरात जन्माला येऊन खताला नाक मुरडताय व्हय?" म्हणत विषय मिटवायचा. आठवडाभरात वास ओसरतो आणि पुढच्या ट्रॉलीपर्यंत सगळे गप्प. मी तासगाव तालुक्यात, येरळा नदीच्या अलीकडे मळ्यात राहते. द्राक्षाची बाग आहे, थोडा ऊस आहे, दावणीला जनावरं आहेत. खत टाकणाऱ्या घरातली मी आहे आणि शेजारच्या रानातला वास सोसणाऱ्यांतलीही. हा विषय असा मिटवलेला मला पटत नाही.

आधीच सांगते, खताविरुद्ध माझं काही म्हणणं नाही. आमच्या रानांना खत पुरत नाही हेच मोठं दुखणं आहे. माती तपासून आणली की सेंद्रिय कर्बाच्या रकान्यात अर्ध्या टक्क्याच्या खालचा आकडा असतो आणि तो बघून काळजी वाटते. शेणखत सगळ्यात चांगलं, पण त्यात नत्र, म्हणजे नायट्रोजन, जेमतेम अर्धा टक्का. म्हणजे टनभर टाकलं तर पाच किलोच्या आसपास. कोंबडखतात ते ३ टक्क्यांच्या घरात जातं. शेजारच्या खानापूर तालुक्यात, विट्याच्या आसपास पोल्ट्र्या पुष्कळ आहेत. तिथलं खत एप्रिलच्या खरड छाटणीला आणि पुन्हा ऑक्टोबरच्या फळछाटणीआधी आमच्या द्राक्षपट्ट्यात येतं. अंडी देणारी एक कोंबडी दिवसाला शंभर ग्रॅमच्या वर ओली विष्ठा टाकते. दहा हजार पक्ष्यांच्या एका शेडमधून रोज टनभर माल निघतो. तो कुठंतरी जायलाच हवा, आणि रानात जाणं हीच त्याची योग्य वाट आहे. मका आणि सोयापेंड होऊन रानातून गेलेलं परत रानात आलं पाहिजे. माझं म्हणणं इतकंच की रानात टाकलेलं रानात राहावं, शेजाऱ्याच्या स्वयंपाकघरात जाऊ नये.

कारण वास म्हणजे नुसता त्रास नसतो, त्यातून काहीतरी हरवत असतं. कोंबडखताच्या ढिगापाशी गेल्यावर नाकात सणकन जातो आणि डोळ्यांना पाणी आणतो तो अमोनिया. पक्ष्याच्या विष्ठेतला पांढरा भाग युरिक आम्लाचा. त्याला ओल मिळाली की जिवाणू ते फोडत जातात आणि शेवटी अमोनिया होतो. गाई-म्हशींच्या मुतात युरिया तयारच असतो, आणि शेणातल्या जिवाणूंकडे तो फोडणारं युरिएज नावाचं विकर असतं. म्हणून शेण आणि मूत एकत्र साचलं की काही तासांत गोठा झोंबायला लागतो. हा अमोनिया म्हणजे नत्र. सोसायटीतून पोत्यानं आणतो तेच नत्र इथं फुकट हवेत चाललेलं असतं.

सडक्या अंड्यासारखा, चिकट, जेवताना घास उतरू न देणारा वास वेगळा. तो हवेविना कुजण्याचा. खत ओलंगच्च साचलं, वरच्या वजनानं दबलं, आत हवाच शिरली नाही, की हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. ब्युटिरिक आम्लासारखी आम्लं होतात, इंडोल आणि स्कॅटोल होतात. ही द्रव्यं वजनात किरकोळ असतात. पण नाकाला ती अगदी थोड्या प्रमाणातही ओळखू येतात आणि केसांत, लुगड्यात, अंथरुणात बसून राहतात. जे खत नीट मुरलं त्याला ना हा वास असतो ना तो. त्याला ओल्या मातीचा वास येतो, आणि ते उगाच नाही: वळवाच्या पहिल्या सरीनंतर मातीतून उठणाऱ्या वासामागचं जिओस्मिन नावाचं द्रव्य ॲक्टिनोमायसीट्स जातीचे जिवाणू बनवतात, आणि तेच जिवाणू मुरत आलेल्या खतात वाढलेले असतात.

एवढं कळलं की नाकाचा उपयोग करता येतो. डोळे झोंबले तर नत्र निघालंय. सडका वास आला तर ढिगात हवा नाही. मातीचा आला तर माल रानात न्यायला तयार. पण नाकाची एक अडचण आहे आणि आमच्याकडची निम्मी भांडणं तिच्यातून होतात असं माझं मत झालं आहे. नाक सरावतं. एकाच वासात थोडा वेळ उभं राहिलं की तो जाणवेनासा होतो. सकाळपासून खोऱ्यानं खत ओढणाऱ्या माणसाला खरोखरच वास येत नसतो, आणि लांबून वाऱ्याबरोबर अधूनमधून झुळूक येणाऱ्या घराला प्रत्येक वेळी तो नव्यानं येतो.

आमच्या शेजारच्या वस्तीवर बारसं होतं तेव्हाची गोष्ट. मिरजेचे पाहुणे यायचे होते, दारात मांडव घातलेला, घुगऱ्या शिजत होत्या. वरच्या अंगाच्या रानात आदल्या संध्याकाळी कोंबडखत विस्कटलेलं. पिंजऱ्याच्या शेडखालचं ओलं खत ते, कोंबड्यांखाली अंथरलेल्या तुसाचं कोरडं खत नव्हे. रात्रीच रोटर, म्हणजे माती उलथून खत आत मिसळणारं ट्रॅक्टरचं अवजार, यायचा होता, तो दुसऱ्याच कुणाच्या रानात गेला. सकाळी ऊन चढायला लागलं, वारा पश्चिमेचा, आणि मांडव बरोबर पूर्वेला. बायका पदर नाकाला लावून बसल्या. माश्यांनी पाळणा धरला. बाळाची आई आत खोलीत दार लावून बसली आणि पाळणे म्हणणाऱ्या बायकांचा आवाज निम्म्यावर आला. शेवटी बाळाची आजी बांधापर्यंत गेली.

"आण्णा, आजचा दिस तरी कळ काढायची हुती की."

"वैनी, मला काय ठावं तुमच्यात बारसं हाय ते? आन् वास कुठं येतोय एवढा?"

आजींना वाटलं, हा माणूस तोंडावर खोटं बोलतोय. आण्णांना वाटलं, ह्यांना आपलं खत टाकणंच खुपतंय. दोघंही चांगली माणसं, आडीअडचणीला एकमेकांची जनावरं राखलेली. त्यानंतर बरेच महिने त्या बांधावरून बोलणं बंद होतं. रोटर आला तोवर ढेकळांवरचं खत वाळून पांढरट झालं होतं. त्या ट्रॉल्यांचे पैसे आण्णांनी मोजले होते, आणि त्यातलं बरंचसं नत्र बारशाच्या मांडवातून पुढं निघून गेलं. वासाचा त्रास ज्यांना झाला ते आणि पैशाचं नुकसान ज्यांचं झालं ते, दोघं बांधाच्या दोन बाजूंना उभे राहून एकमेकांना दोष देत होते. हे मला फार लागलं.

कारण पसरलेल्या खतातून अमोनिया सगळ्यात जोरात उडतो तो पहिल्या काही तासांत. जे उडून जायचं, त्यातलं निम्म्याच्या आसपास बहुतेक वेळा पहिल्या दिवसातच जातं. ऊन आणि वारा असेल तर आणखी लवकर. मातीआड गेलं की मातीचे कण अमोनिया धरून ठेवतात. म्हणून खत पसरणं आणि ते मातीत मिसळणं ही दोन कामं नव्हेतच, एकच काम आहे. जर्मनीत उघड्या रानावर पातळ शेण पसरलं तर चार तासांत मातीत मिसळायचा नियम होता. १ फेब्रुवारी २०२५ पासून ती मुदत एका तासावर आणली आहे. नेदरलँड्समध्ये तर १९९० च्या दशकापासून पातळ शेण वरून उडवण्याऐवजी अवजाराच्या दातांनी जमिनीत सोडायला लावलं. त्यांच्यासारखी यंत्रं आमच्याकडे नाहीत. पण एका ट्रॅक्टरनं खत विस्कटायचं आणि मागोमाग दुसऱ्यानं रोटर घालायचा, निदान बैलांचा कुळव फिरवायचा, हे आमच्या आवाक्यातलं आहे. द्राक्षबागेत तर आणखी सोपं. ओळीच्या बाजूनं चर काढलेलाच असतो. त्यात खत भरून त्याच दिवशी माती ओढली की कुणाला कळतसुद्धा नाही. पण चर उघडे ठेवून मजुरांची वाट बघत बसलेल्या बागा मी दर हंगामात बघते.

वेळेचंही तसंच. आमच्याकडे ऊन टाळायला ट्रॉल्या संध्याकाळी येतात आणि दिवेलागणीपर्यंत खत विस्कटून होतं. माणसांच्या दृष्टीनं ते बरोबर आहे, उन्हात राबायचं तरी किती. पण संध्याकाळी वारा पडतो, जमीन गार होते आणि जमिनीलगतची गार हवा तिथंच बसून राहते. वास वर चढत नाही. उतार धरून ओढ्याच्या अंगानं खाली सरकतो आणि ओढ्याकाठच्या घरांत रात्रभर मुक्काम करतो, नेमकी माणसं अंगणात अंथरूण टाकून झोपलेली असताना. पहाटे काम धरलं, उन्हं वर यायच्या आत माती ओढून झाली, तर उरलासुरला वास तापणाऱ्या हवेबरोबर वर जाऊन विरतो. मिसळणं शक्यच नसेल तर वरून हलकं पाणी तरी द्यावं, म्हणजे अमोनिया पाण्याबरोबर मातीत उतरतो. जोराच्या पावसाच्या तोंडावर मात्र खत टाकू नये. वास कमी होतो हे खरं, पण खत ओढ्यात जातं आणि ओढ्याकाठच्या विहिरीत उतरतं.

हे सगळं पूर्वी एवढं टोचत नव्हतं, त्यालाही कारण आहे. आमच्याच तालुक्यातल्या अंजनीचे आर. आर. पाटील ग्रामविकासमंत्री असताना २०००-०१ मध्ये संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं. आमच्या गावानं त्या वेळी गावठाणातले उकिरडे हलवले. चावडीमागचा रस्ता पहिल्यांदा नाक न धरता चालता आला, ते मला आठवतं. पण उकिरडे गेले कुठं, तर मळ्यात. आणि पुढच्या वर्षांत माणसंही मळ्यातच गेली. ताकारी, टेंभू, म्हैसाळ योजनांचं पाणी फिरलं तशा बागा वाढल्या, गोठे वाढले, भाऊभाऊ वेगळे निघाले आणि ज्यानं त्यानं आपापल्या तुकड्यात घर बांधलं. आता असा मळा शोधून सापडायचा नाही जिथं एकाच्या ढिगापासून दुसऱ्याची चूल हाकेच्या अंतरावर नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये नवीन पोल्ट्री लोकवस्तीपासून ५०० मीटर लांब असावी असं म्हटलं आहे. ते शेडचं झालं. शेडमधून निघालेलं खत ज्या रानात पडतं, त्या रानाच्या कडेच्या घराचा विचार आपल्यालाच करावा लागणार.

गोठेही बदलले. आमच्या मामांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, ऐन उमेदीत दावणीखाली माती अंथरायची पद्धत होती. उन्हाळ्यात गाळाची कोरडी माती आणून ठेवायची, ती जनावरांखाली पसरायची, मूत जिरून ती ओली झाली की काढून उकिरड्यावर टाकायची आणि नवी घालायची. जनावराच्या मलमूत्रातलं जवळजवळ निम्मं नत्र मुतात असतं, ते त्या मातीत अडकायचं. पुढं सिमेंटचा कोबा आला. पाइप लावून गोठा धुतला की स्वच्छ दिसतो, दूधवाल्यालाही बरं वाटतं. पण शेण, मूत आणि पाणी एकत्र होऊन मागच्या खड्ड्यात साचतं. पातळ आणि हवाबंद, म्हणजे सडका वास तयार व्हायला जे जे लागतं ते सगळं तिथं आलं. गोठा जितका धुतला तितका मागचा खड्डा घाण होत गेला. पाणी घालायच्या आधी शेण कोरडंच उचलावं, मूत वेगळ्या पाटानं काढावं, कोब्यावर पाचट किंवा तूस टाकावं. मुक्त संचार गोठ्यात जनावरं मोकळी फिरतात, शेण उन्हात वाळत राहतं. तिथं हा प्रश्न बराच कमी आहे हे मी जवळून बघितलं आहे. शेणामुतावर मूठ-दोन मूठ सिंगल सुपर फॉस्फेट टाकलं तर अमोनिया धरला जातो आणि खताला स्फुरदही मिळतं. चुना मात्र मारू नये. वास मारायला म्हणून लोक उकिरड्यावर चुना भुरभुरतात. चुन्यानं सडका वास थोडा दबतो, पण अमोनिया उलट जोरात उडून जातो.

गोबरगॅसबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं. शेण आणि पाणी सारखं कालवून रोज टाकीत गेलं की वासाची बरीचशी आम्लं आतच मोडतात आणि त्यांचा मिथेन होतो. मिथेनला स्वतःचा वास नाही. ५० किलोच्या आसपास शेण रोज मिळालं तर २ घनमीटरचं सयंत्र चालतं, म्हणजे चार-पाच जनावरांच्या घराला ते झेपतं. बाहेर पडणाऱ्या स्लरीला कच्च्या शेणाइतका वास नसतो. पण त्यातलं नत्र बरंचसं अमोनियाच्या रूपात आलेलं असतं. म्हणून ती उघड्यावर वाळवत ठेवली तर हाती चोथा उरतो. ती पाण्याच्या पाटात सोडून सरीला द्यावी किंवा पाचटावर ओतावी.

आणि याच खड्ड्यांबद्दलची एक गोष्ट हात जोडून सांगावीशी वाटते. बंद टाकीत, खोल खड्ड्यात हायड्रोजन सल्फाइड साचतो. हवेपेक्षा जड असल्यानं तो तळाशी राहतो. थोडा असला तर नाकाला सडक्या अंड्यासारखा येतो. फार झाला तर नाकच बधिर होतं आणि वास येणं बंद होतं. माणसाला वाटतं, गेला वास, आता उतरायला हरकत नाही. असा उतरलेला माणूस वर येत नाही आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही येत नाही. गाळ काढायचा असेल तर वरून पंपानं काढावा. कुणालाही, गड्याला तर नाहीच नाही, आत उतरवू नये.

गड्यांचा विषय निघाला म्हणून. वासाचा सगळ्यात मोठा वाटा त्यांच्या आणि बायकांच्या वाट्याला येतो. शेण काढणं, पाट्या वाहणं, ढीग उपसणं, पोती भरणं. कोंबडखत भरून आलेल्या बाईचे डोळे संध्याकाळी लाल असतात आणि दोनदा न्हाऊनही केसांचा वास जात नाही. पोल्ट्रीवर राहणाऱ्या एका कामगाराच्या मुलीशेजारी वर्गात कुणी बसायला तयार नव्हतं. तिच्या बाईंनी तिला आपल्या टेबलाजवळ बसवलं, मायेनं बसवलं, पण ती पोर शाळेला यायचीच हळूहळू बंद झाली. "खताला वास येणारच" हे वाक्य जे सहज बोलतात त्यांना त्या मुलीच्या घरी राहायचं नसतं.

ढिगाकडे परत येते, कारण खरा उपाय तिथं आहे आणि तो आमच्या पट्ट्यात जागोजागी पडलेला असतो. कोंबडखतात नत्राच्या मानानं कर्ब फार कमी असतो, एकास दहाच्या आसपास. नीट कुजायला हे प्रमाण एकास पंचवीस ते तीस लागतं. जास्तीचं नत्र जिवाणूंना वापरता येत नाही, म्हणून ते अमोनिया होऊन जातं. उसाच्या पाचटाचं याच्या उलट. त्यात कर्ब ऐंशी-शंभरपट आणि नत्र नावाला. पलूस, वाळव्याकडे तोडणी झाली की एकरी तीन-चार टन पाचट रानात पडतं आणि अजूनही कितीतरी फडांना त्याच रात्री काडी लागते. एका रानातून धूर निघतो, दुसऱ्यातून अमोनिया, आणि दोघांच्या मधल्या घरात दम्याचं माणूस खोकत असतं. पाचटाचा थर, वर कोंबडखताचा थर, पुन्हा पाचट; ओल मुठीत दाबल्यावर थेंब न गळता हात ओला होईल इतकी; वरून मुरलेल्या खताचा किंवा मातीचा वीतभर थर. या वरच्या थरातले जिवाणू आतून येणारी वासाची द्रव्यं खाऊन टाकतात. आत ५५ ते ६५ अंशांपर्यंत ऊब चढते. त्यात तणाचं बी मरतं आणि माश्यांच्या अळ्या टिकत नाहीत. उन्हाळ्यात अंड्यापासून माशी व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, त्यामुळे ओला ढीग उघडा पंधरा दिवस राहिला तर सगळ्या वस्तीला त्या माश्या भोगाव्या लागतात. पुसदच्या नारायण देवताव पांढरीपांडे यांनी नाडेप पद्धत काढली ती याच हवेच्या तत्त्वावर. १० बाय ६ बाय ३ फुटांचं विटांचं टाकं, भिंतीत मुद्दाम ठेवलेली भोकं. तीन-चार महिन्यांत खत तयार होतं. बाजारात वास मारणाऱ्या पावडरी आणि द्रावणं मिळतात, कुजवणारे जिवाणूही मिळतात. जिवाणू चांगले आहेत, पण ढिगात हवा आणि काडीकचरा नसेल तर त्यांनी तरी काय करावं?

कच्चं खत टाकण्यात पिकाचंही भलं नाही. ताज्या कोंबडखताच्या अमोनियानं द्राक्षाची पांढरी मुळी जळते, हे आमच्यातल्या कित्येक बागाईतदारांनी अनुभवलं आहे. न कुजलेल्या शेणखताबरोबर हुमणी येते, तण येतं. घाई कुणाच्याच कामाची ठरत नाही.

आणि मेंढरं. दिवाळीनंतर आटपाडी, जत, पलीकडच्या माणदेशातून धनगरांचे वाडे, म्हणजे मेंढरांसह फिरणारी त्यांची बिऱ्हाडं, उतरायला लागतात. मोकळ्या रानात वाघर, म्हणजे जाळीचं कुंपण, लावून रात्रभर मेंढरं बसवतात. लेंडी कोरडी असते, मूत थेट मातीत मुरतं, सकाळी कुळव फिरला की झालं. उपसणं नाही, वाहतूक नाही, ढीग नाही. शेजारच्या घराला मेंढरं बसली होती हे त्यांच्या ओरडण्यावरून कळतं, वासावरून नाही. चराऊ रानं कमी झाली, बागांना तारेचं कुंपण आलं, वाडे वर्षागणिक कमी येताहेत. मला हे फार मोठं नुकसान वाटतं आणि जे अजून येतात त्यांना मान देऊन, मोबदला देऊन रानात बसवावं असं मी प्रत्येकाला सांगते.

कायद्याचा रस्ता आहे. सार्वजनिक उपद्रव म्हणून तक्रार करता येते. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं कलम १३३ आता नव्या संहितेत १५२ झालं आहे, त्यानुसार कार्यकारी दंडाधिकारी उपद्रव हटवायचा हुकूम काढू शकतात. पण कागद फिरेपर्यंत खत वाळून जातं आणि भाऊबंदकीत एक केस वाढते. मला तो रस्ता अगदी शेवटचा वाटतो.

त्यापेक्षा १ मेच्या ग्रामसभेत हा विषय घ्यावा, असं मी यंदा लेखी दिलं आहे. मागणी छोटी आहे. ओलं कोंबडखत आणायच्या दोन दिवस आधी वारा ज्या बाजूला जातो तिकडच्या घरांना सांगायचं. कुणाकडे लग्नकार्य, बारसं, आजारी माणूस असेल तर दिवस पुढं ढकलायचा. ढीग घरांपासून, ओढ्यापासून आणि विहिरीपासून लांब लावायचा आणि त्याच दिवशी झाकायचा. पसरलेलं खत त्याच दिवशी मातीआड करायचं. बांधाला शेवरी लावायची, वासाची बरीचशी द्रव्यं धुळीवर बसून येतात आणि झाडोरा धूळ अडवतो.

हे आण्णांनाही वाचून दाखवलं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "समदं खरं हाय पोरी, पर रोटर त्या टायमाला मिळतोय कुठं? तो यील तवा यील." त्यांचं म्हणणं खोटं नाही. छाटणीच्या दिवसांत गावातले रोटर चोवीस तास फिरत असतात आणि ज्याचं रान मोठं त्याच्याकडे आधी जातात. म्हणून अर्जात शेवटी एक ओळ वाढवली: आधी रोटरची तारीख घ्यायची, मग ट्रॉली सांगायची, आणि विकास सोसायटीनं हंगामात एक रोटर फक्त खत मिसळायला, छोट्या रानांना आधी, असा राखून ठेवायचा. आण्णांनी त्या ओळीखाली सही केली आहे. बारशाच्या घरच्या आजींचीही आहे.